स्वस्तातला मिक्सर आणि बी विंगचं पाणी

मिक्सर घ्यायचा आहे असं मी घरात पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सरांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि म्हणाले, "आपला चालू आहे की. चटणीच्या भांड्याचं झाकण तेवढं गेलंय."

मी म्हणाले, "तो नव्हे हो. आवाजाचा."

"त्याचा आवाज काय कमी आहे?"

सर म्हणजे माझा नवरा. एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. लातुरात त्यांना भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे सर म्हणतात, त्यामुळे मलाही तीच सवय लागली. मी शाळेत मराठी शिकवते, पण मला कुणी मॅडमसुद्धा म्हणत नाही. मी सरांची मिसेस.

आवाजाचा मिक्सर हवा होता तो पॉडकास्टसाठी, आणि पॉडकास्टची कल्पना माझ्या मैत्रिणीची. नांदेडला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, एकाच हॉस्टेलला राहायचो. पुढे तिचं लग्न नांदेडातच झालं, माझं लातुरात, आणि मग कित्येक वर्षं आमची मैत्री ईदच्या आणि दिवाळीच्या फोनवर तगून राहिली. मग तिची मुलगी डॉक्टर व्हायला लातुरात आली. म्हणजे डॉक्टर होण्याच्या परीक्षेच्या क्लासला आली. लातुरात मूल एकटं येत नाही. त्याच्याबरोबर शेगडी, कुकर, चार गाद्या आणि आई येते. मैत्रिणीला खोली मिळाली ती नेमकी आमच्याच अपार्टमेंटमध्ये, बी विंगला. आमच्याकडे ए विंगमध्ये घरमालक राहतात आणि बी विंगमध्ये आया.

दुपारी मुलगी क्लासला गेली की ती माझ्याकडे येऊन बसायची. एका रविवारी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "काय गं, तुमच्या या गावात मार्क सोडून दुसरं काही बोलतात का न्हाई लोक? सकाळी दूधवाला विचारतो, टेस्टमध्ये किती पडले. मी म्हटलं, दुधात किती पडलं ते सांग आधी."

त्यातून ठरलं. आपण दोघींनी बसायचं, अर्धा तास बोलायचं, आणि त्यात मार्कांचं नाव काढायचं नाही. ते रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायचं. मी म्हणाले, ऐकणार कोण? ती म्हणाली, "बी विंग भरून बाया बसल्यात. दिवसभर कानात वायरी घालून काही ना काही ऐकतच असतात बिचाऱ्या. पोरं अभ्यास करतात, मोठ्यानं टीव्ही लावायची सोय न्हाई."

फोनवर एकदा करून बघितलं. माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि तिचा विहिरीच्या पलीकडून. तेव्हा मिक्सर लागेल, दोन माइक लागतील, असं निघालं. मिक्सर आणि माइक मिळून आठ हजारांच्या आत बसवायचं, एवढी एकच अट आम्ही घातली. आम्हाला वाटलं, अट घातली म्हणजे निवड सोपी होईल.

सरांनी हे काम आपल्याकडे घेतलं. मी त्यांना दिलं नव्हतं. त्यांनी मिक्सरांचा एक तक्ता केला आणि प्रत्येकाला गुण दिले. दोन माइक लावता येतात, चार गुण. लॅपटॉपला जोडता येतो, चार गुण. प्लास्टिकची बटणं, वजा एक. क्लासच्या पद्धतीने त्यांनी पहिली यादी लावली, दुसरी लावली आणि एका मिक्सरला प्रतीक्षेत ठेवलं. पहिला आलेला मिक्सर आमच्या अटीच्या तिप्पट किमतीचा होता. मी तसं म्हणाले तर म्हणाले, "गुणवत्तेशी तडजोड करायची असेल तर मग मला विचारू नका." आम्ही विचारलं नव्हतंच.

दरम्यान मी मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. एक तरुण ओरडून सांगायचा की हा मिक्सर घेतला नाही तर तुम्ही आयुष्यात चूक केली. दुसरा तोच मिक्सर हातात धरून सांगायचा की हा घेतला तर आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. दोघांच्याही मागे जांभळा दिवा लावलेला. दोघांचाही आवाज मात्र उत्तम येत होता. तो कुठल्या मिक्सरमधून येतोय, ते दोघंही सांगत नव्हते.

शेवटी मैत्रीण म्हणाली, "हे बघून बघून डोळे चालले माझे. वस्तू हातात घेतल्याशिवाय मी कांदा घेत न्हाई. चल नांदेडला." तिच्या मोठ्या भावाची तिकडे साउंड सर्व्हिस आहे. लग्न, जलसा, उरूस, प्रचारसभा, सगळीकडे त्याचेच कर्णे. आम्ही एसटीने गेलो.

भाईंनी आधी जेवायला घातलं, मग विचारलं, "बोला. किती माणसं बसणार?"

"आम्ही दोघी," मैत्रीण म्हणाली.

"अन् ऐकणार किती?"

"ते आपापल्या घरी बसून ऐकणार भाई."

भाई विचारात पडले. "मग त्यांच्या घरापर्यंत आवाज जायला नको का?"

आम्ही त्यांना इंटरनेट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि गोदामातून एक मिक्सर काढायला लावला. तो एवढा मोठा होता की त्याच्यावर दोन पाहुणे झोपले असते. भाई म्हणाले, "हा घेऊन जा. जुना हाय, पण एको असा मारतो की माणूस बोलून घरी गेला तरी आवाज तिथंच फिरून राहतो. पैसे नकोत, बहीण हायस." मैत्रिणीला भावाचं मन मोडवेना. मला मात्र तो मिक्सर एसटीत कुठे ठेवायचा एवढंच दिसत होतं. ती म्हणाली, "भाई, घर किरायाचं हाय. हा आत आला तर आम्हा मायलेकींना बाहेर निजावं लागंल." तेवढ्यावर सुटलो. तरी भाईंच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत असंच होतं की या दोघींना आवाजातलं काही कळत नाही.

तिथून नांदेडातच वजिराबादेत एका दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा, मोठा उत्साही.

"या ताई. भजनी मंडळ का बचत गट?"

"कुठलंच न्हाई," मैत्रीण म्हणाली. "आम्हाला बोलायचंय."

"प्रचार?"

"नुसतं बोलायचंय."

नुसतं बोलणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं असावं. त्याने एक चकचकीत मिक्सर काचेवर ठेवला. त्याच्या पोटात निळे-लाल दिवे लुकलुकत होते. मी तक्त्यातला मुख्य प्रश्न विचारला, याला युएसबी आहे का. तो म्हणाला, "हाय की! हे काय."

मैत्रिणीने विचारलं, "यातनं आमचा आवाज लॅपटॉपात जातो का?"

"पेनड्राइव्ह लावा ना ताई. गाणी वाजतात."

"गाणी वाजवायची न्हाईत. आमचं बोलणं आत भरायचंय."

"बघा तर खरं," म्हणत त्याने गाणं लावलंच. दुकानाबाहेर रिक्षा थांबली. "बास लई भारी हाय ताई याचा."

असं चार मिक्सरांचं झालं. प्रत्येकाला युएसबी होती आणि प्रत्येक युएसबीतून फक्त गाणं बाहेर येत होतं, आमचं बोलणं आत जायला कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी मैत्रिणीने पिशवीतून लॅपटॉप काढला, काचेवर ठेवला आणि म्हणाली, "आता एकेक याला लावत जा. जो आमचं ऐकंल तो आम्ही नेऊ." दुकानदार कुरकुरला, पण लावत गेला. मी माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणत होते आणि ती लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ हलते का बघत होती. कोपऱ्यातल्या एका बुटक्या, करड्या, दिवे नसलेल्या मिक्सरवर रेघ हलली. दोन माइकांची सोय, माइकचा आवाज वाढवायचं, म्हणजे गेनचं, एक बटण इकडे, एक तिकडे. खोकं फाटलेलं, कारण तो बरेच दिवस दाखवायला म्हणून बाहेर पडून होता. त्यामुळे भावही उतरला. दुकानदार हळहळला. "हा घेता? याला एको बी न्हाई ताई."

आता माइक. मी सरांना फोन लावला, ही माझी चूक. ते म्हणाले, साधा हातात धरायचा माइक अजिबात घेऊ नका, कंडेन्सर घ्या, त्याची सेन्सिटिव्हिटी जास्त. जितकी जास्त तितकं चांगलं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. मैत्रीण शेजारून ऐकत होती. म्हणाली, "माणसं सेन्सिटिव्ह असली की लई ताप देतात. माइकचं काय म्हैत." पण सरांपुढे आमचं चाललं नाही. दोन कंडेन्सर घेतले. त्यात पैसे संपले आणि हेडफोन राहिला. पुढचं सगळं घडलं ते या हेडफोनपायी.

लातुरात परत आल्यावर आमच्या बेडरूममध्ये टेबल मांडलं. दाराला गोधडी अडकवली, पंखा बंद केला, कुकर बंद, मोबाइल बंद, सर क्लासला. उन्हाळा लागलेला. दोघी घामाने निथळत समोरासमोर बसलो. मैत्रीण माइकसमोर आली की तिचा आवाज एकदम बारीक व्हायचा, निकाहाच्या वेळी कबूल म्हणायला लागल्यासारखा. म्हणून मी तिचं गेनचं बटण फिरवत फिरवत पार टोकाला नेलं. आम्ही हॉस्टेलच्या मेसवर बोललो. वरणात डाळ कशी शोधावी लागायची, रेक्टरबाई कशा रात्री बॅटरी घेऊन फिरायच्या, असं सगळं. मन मोकळं होईपर्यंत बोललो. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर ऐकून बघितलं, छान वाटलं, आणि देऊन टाकलं लोकांना.

लोकांच्या प्रतिक्रिया भराभर आल्या. माझी जाऊ म्हणाली, "आवाज काय क्लिअर आला गं!" शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "साउंड क्वालिटी अप्रतिम." भाईंचा नांदेडहून फोन आला, "एको न्हाई, पण साफ हाय." मेसच्या वरणाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. मी एका मामेभावाला खोदून विचारलं, काय आवडलं? तो म्हणाला, "आवाज." मी म्हणाले, आणि बोलणं? तो म्हणाला, "ते ऐकायचंय अजून."

खरं ऐकलं ते बी विंगने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण आली ती कानातली वायर हातात धरूनच. बसली नाही. "हे ऐक," म्हणाली. "कानात घालून ऐक."

मी ऐकलं. माझा आवाज सांगत होता की मेसच्या वरणात नुसतं पाणीच पाणी असायचं. आणि त्याच्या खालून, लांबून पण अगदी स्वच्छ, एक पुरुषाचा आवाज येत होता: "टँकर आला की आधी आमची टाकी भरून घ्यायची, काठोकाठ. मग राहिलं तर तिकडं सोडायचं. नळ ओला व्हावा एवढं. भाडेकरू हायत ते. चार दिवस ओरडतील, पोरांची परीक्षा झाली की जातील निघून."

आवाज आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा होता. ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांची मागची बाल्कनी आणि आमच्या बेडरूमची झडपेची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. फोनवर बोलायला ते तिथे येतात, कारण तिथे रेंज येते. आम्हाला त्यांच्या आवाजाची इतकी सवय की तो आम्ही ऐकतच नाही. कंडेन्सरला ती सवय नव्हती.

मी म्हणाले, "अगं, काढून टाकते हे लगेच."

ती म्हणाली, "काढतीस कशाला? दोन महिने झाले, मी खालच्या हापशावरनं पाणी आणून राहिले. पोरगी अंघोळ न करता पेपरला गेली. अन् तुमच्याकडं?"

आमच्याकडे नळाला धार होती. ती का आहे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी ते काढून टाकलं नाही.

संध्याकाळपर्यंत बी विंगच्या सगळ्या आयांनी ते ऐकलं. त्यांनी नांदेड, उदगीर, अहमदपूर, औसा, जिथे जिथे घरी नवरे होते तिथे पाठवलं. आमच्या पॉडकास्टला एवढे ऐकणारे मिळतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एका बाईने तर खाली लिहिलं होतं, "मधल्या दोघी बाया जरा कमी बोलल्या असत्या तर अजून नीट कळलं असतं."

पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली गेली. बी विंग पहिल्यांदाच मीटिंगला आली. एरवी भाडेकरूंना खुर्ची नसते, म्हणून त्या आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. चेअरमनसाहेब उभे राहिले. निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, शब्द तोलून बोलणारे. म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो, या प्रकरणात वापरलेल्या यंत्राचं नाव काय? मिक्सर. मिक्सर म्हणजे काय? मिसळणारा. यात कुणाचाही आवाज कुणाच्याही बोलण्यात मिसळता येतो. माझा आवाज मिसळण्यात आला आहे."

आणि खरं सांगते, ए विंगमधल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या.

सर उठले. मला वाटलं, नवरा आपल्या बाजूने बोलणार. ते म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या शक्यता नाकारता येत नाही. प्रयोग करून बघावं लागेल." लगेच त्यांची चौकशी समिती झाली. समितीत तेच एकटे.

रविवारी सकाळी प्रयोग ठरला. आमच्या बेडरूममध्ये तोच मिक्सर, तेच माइक, दाराला तीच गोधडी. गोधडीच्या आत दोन्ही विंगांची मिळून इतकी माणसं होती की मला माझ्याच घरात उभं राहायला जागा नव्हती. मैत्रीण टेबलापाशी बसली. सरांनी क्लासमधून मोठा स्पीकर आणला होता. चेअरमनसाहेबांनी आपल्या बाल्कनीत जायचं, रोजच्यासारखा फोन करायचा, आणि आवाज येतो का बघायचं. सर म्हणाले, "तुमचा आवाज आला नाही, तर तो मिसळलेला होता हे सिद्ध."

चेअरमनसाहेब गेले. रेकॉर्डिंग सुरू झालं. त्यांनी काय केलं असेल ते कुणालाही कळावं, ते कुजबुजत बोलले. आम्हाला नुसत्या कानाला काही ऐकू आलं नाही. ए विंगचे लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. मग सरांनी रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं.

आधी डक्टमधली कबुतरं घुमली. मग चेअरमनसाहेबांचा दबका आवाज आला, "हॅलो, एक, दोन, तीन. ऐकू येऊन राहिलं का कुणाला? न्हाई ना? बरं झालं."

आणि मागून, पार आतल्या स्वयंपाकघरातून, भांडी आपटल्याचा आवाज करत, चेअरमनबाई: "कशाला हा तमाशा मांडलाय? द्या म्हटलं होतं ना त्या पोरींना पाणी. पहिल्या दिवसापासून सांगून राहिले. घरात बायकोचं ऐकायचं न्हाई अन् आता गावाचं ऐका."

मग बी विंगच्या एका आजीबाई, नातवाबरोबर रेणापूरहून आलेल्या, म्हणाल्या, "बाई खरी हाय." आणि सगळी खोली हसत सुटली. मैत्रीण एवढी हसली की पदराने डोळे पुसत होती, आणि मध्येच ते पुसणं हसण्याचं राहिलं नाही, हे मला शेजारून दिसलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

सरांनी समितीचा निष्कर्ष जाहीर केला की माइकची निवड योग्य होती.

पाण्याचं पुढे नीट झालं. दोन्ही टाक्यांना एकाच वेळी पाणी सुटेल असा व्हॉल्व्ह बसला आणि त्याची किल्ली बी विंगच्या बायांकडे गेली. चेअरमनसाहेब चेअरमनच राहिले, कारण त्यांना काढा म्हणणारे पुष्कळ होते, पण ते काम अंगावर घेणारं कुणी नव्हतं. फोनवर बोलायला ते आता खाली रस्त्यावर जातात. आमच्याकडे येणारी माणसं बेडरूमच्या दिशेने बघून विचारतात, "चालू हाय का बंद?" माझी जाऊ तर आल्या आल्या सासूबाईंचं फार कौतुक करायला लागली आहे.

आम्ही दुसरा भाग केला तो साध्या, तोंडापाशी धरायच्या माइकांवर. भाईंनी पाठवून दिले. त्यात फक्त आमचे दोघींचे आवाज आले, बाकी चिटपाखरू नाही. लोकांनी कळवलं की आता पहिल्यासारखी मजा येत नाही.

तिसऱ्या भागाच्या तयारीला बसलो होतो तेव्हा दार वाजलं. चेअरमनबाई. हातात झाकलेली वाटी, शेंगदाण्याची चटणी होती. त्या बसल्या, मिक्सरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी माझा आवाज कसा आला हो?"

मैत्रीण म्हणाली, "लई साफ."

"आवाज न्हाई विचारून राहिले. बोल्ले ते बरं बोल्ले का?"

आमच्या पॉडकास्टबद्दल हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मैत्रिणीने आपल्यासमोरचा माइक उचलून त्यांच्या हातात दिला आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली. बाई आधी लाजल्या, पदर सारखा केला. मग सुरू झाल्या त्या लग्नानंतर दोघं माहूरला दर्शनाला गेले तिथपासून. पायऱ्यांवर नवरा पुढे निघून गेला, मागे वळून बघितलंच नाही, आणि त्या एका अनोळखी बाईच्या खांद्याला धरून वर कशा चढल्या, ते सांगत होत्या. बाहेरून चेअरमनसाहेबांची हाक आली, जेवायचं काय झालं म्हणून. बाईंनी माइकवरून नजर न काढता दाराकडे हात केला, थांबा म्हणून, आणि बोलत राहिल्या.